दर रविवारी दहा मिनिटं स्टार्ट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मार्च ते दिवाळी स्पोर्ट्स कार झाकून ठेवायची असेल तर दर रविवारी दहा मिनिटं जागेवरच इंजिन चालू ठेवलं की पुरे. चार्जर लावणं, ठेवण्याआधी ऑइल बदलणं, टायरची हवा वाढवणं ही बर्फाच्या देशातली कामं, नागपुरात त्यांची गरज नाही.

माझं मत नेमकं उलट आहे. सगळ्यात जास्त नुकसान ती दहा मिनिटंच करतात.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. एग्झॉस्ट पूर्ण तापला तर ते वाफ होऊन निघून जातं. उभ्या गाडीत दहा मिनिटांनी मागचा मफलर कोमटच असतो, त्यामुळे पाणी आत साचतं आणि मफलर आतून गंजतो. थोडी वाफ पिस्टन रिंगांच्या फटीतून ऑइलमध्ये उतरते, सोबत थंड इंजिनाला मिळणारं जादा पेट्रोलही. हे दोन्ही उडून जायला ऑइल ९० अंशांच्या वर जावं लागतं आणि त्यासाठी रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं गाडी पळवावी लागते. बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डवरचा काटा कूलंटचा असतो. तो मध्यावर आला म्हणून ऑइल तापलं असं होत नाही. ऑइल फिलरचं झाकण उघडून आतली बाजू बघा. तिथे पिवळट-पांढरी साय दिसली तर ती याच पाण्याची. वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल सात-आठ महिने बेअरिंगांना लागून राहू नये, म्हणून ऑइल आणि फिल्टर गाडी ठेवण्याआधी बदलायचे, काढताना नाही.

आता बॅटरीचा हिशेब. लॉक केलेली गाडीसुद्धा अलार्म आणि कॉम्प्युटरसाठी साधारण ५० मिलीअँपिअर खात राहते. आठवड्याचे १६८ तास धरले तर ८.४ अँपिअर-तास झाले. आयडलला, म्हणजे जागेवर चालू इंजिनावर, पंखे आणि दिवे वजा जाता बॅटरीला १५ अँपिअर मिळाले असं उदारपणे धरलं, तरी दहा मिनिटांत भर पडते २.५ची. म्हणजे दर रविवारी तूट वाढतच जाते. व्होल्टेज १२.४च्या खाली रेंगाळलं की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसू लागतं.

राहिला बर्फाचा मुद्दा. भरलेली बॅटरी थंडीत जास्त टिकते. तापमान दर १० अंशांनी वाढलं की तिचा आपोआप होणारा डिस्चार्ज साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात ४५ अंशांत तापलेलं पत्र्याचं शेड डोळ्यांसमोर आणा, म्हणजे मेंटेनर चार्जर (बॅटरीला लावूनच ठेवायचा, ती भरलेली राखणारा चार्जर) इथे जास्त का लागतो ते कळेल. फ्लोट व्होल्टेज, म्हणजे बॅटरी भरल्यावर तो धरून ठेवतो ते व्होल्टेज, १३.२ ते १३.८ असलेला घ्या आणि बॅटरी एजीएम प्रकारची (सांडणारं आम्ल नसलेली, सीलबंद) असेल तर चार्जरवर एजीएम मोड निवडा. पोर्शे बॉक्स्टर ९८७सारख्या गाडीत बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि डिकीचं कुलूप विजेवर चालतं. बॅटरी मेली की डिकीच उघडत नाही. मग फ्यूज बॉक्समधलं लाल टर्मिनल बाहेर ओढून त्याला प्लस आणि दाराच्या स्ट्रायकरला (दार बंद होताना जिथे अडकतं ती चौकटीवरची धातूची कडी) मायनस जोडून ती उघडावी लागते.

पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेकचे शू किंवा पॅड गंजून चिकटतात. गिअरमध्ये ठेवा (ऑटोमॅटिक असेल तर पी) आणि चाकांना ओट म्हणजे दगड किंवा ठोकळे लावा. क्लच असेल तर इंजिन बंद ठेवून महिन्यातून दहा-बारा वेळा दाबा, नाहीतर क्लच प्लेट इंजिनाच्या फ्लायव्हीलला चिकटते. गाडी धुऊन लगेच झाकणं सगळ्यात वाईट. आधी दोन-चार किलोमीटर चालवून ब्रेक सुकवा. कव्हर हवा खेळणारं हवं, प्लास्टिकचं नको. आणि खोलीतल्या कूलरची ओली हवा पार्किंगकडे जात असेल तर त्याची दिशा बदला.

टायरमध्ये नेहमीपेक्षा ५-६ पीएसआय जास्त भरा, पण साइडवॉलवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत. टाकी काठोकाठ भरा, कारण ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल ओलावा ओढतं आणि टाकीत हवा जितकी कमी तितका ओलावा कमी. पेट्रोल खराब होऊ न देणारं स्टॅबिलायझर घातलंत तर पंधरा किलोमीटर चालवा, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचेल. उंदरांसाठी एअर इनटेक आणि एग्झॉस्टला स्टीलची जाळी लावा आणि तशी चिठ्ठी स्टिअरिंगवर चिकटवा.

इंजिन चालू केल्याशिवाय चैन पडत नसेल तर दर तीन आठवड्यांनी जाळ्या काढून, टायरची हवा नेहमीइतकी करून वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन या, वाटेत दहा मिनिटं एसीही लावा. ऑइल तापतं, मफलर सुकतो, ब्रेक साफ होतात. ते जमणार नसेल तर किल्लीला हात लावू नका.

दिवाळीला गाडी काढताना जाळ्या काढा, हवा नेहमीइतकी करा, ऑइलची पातळी आणि वायरिंग बघा. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून पाच-सहा सेकंद क्रँक करा (नुसता स्टार्टर फिरवा) म्हणजे ऑइल वर चढेल, मग फ्यूज लावून स्टार्ट करा. डिस्कवरचा तांबूस थर पहिल्या चार-पाच हलक्या ब्रेकमध्ये जातो. त्यानंतरही खरखर आली तर कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिन अडकलीय का ते तपासा. ब्रेक फ्लुइड बदलून दोन वर्षं झाली असतील तर तेही याच वेळी बदला. कोरडं डॉट ४ दर्जाचं ब्रेक फ्लुइड किमान २३० अंशांना उकळतं, ३.७ टक्के पाणी शोषलेल्याची हमी १५५ अंशांपर्यंतचीच असते.