‘ग्रॅव्हिटी’ विज्ञानपट का नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एवढी सविस्तर आणि खरपूस प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ‘ग्रॅव्हिटी’ला मी विज्ञानपट मानत नाही आणि ‘इटर्नल सनशाइन’सारख्या प्रेमकथेला मात्र माझ्या विज्ञानपटांच्या यादीत मानाचं पान देतो, हा उफराटा न्याय झाला. विज्ञानपटात विज्ञान बरोबर असलं की झालं, दुसरी कसोटी नको. माझ्या व्याख्येत तर काहीही बसतं.

आधी तुमचीच कसोटी लावू. ‘ग्रॅव्हिटी’त (2013) हबल दुर्बिणीपाशी अपघात होतो आणि वाचलेले दोघं अंतराळवीर जेटपॅकवर अंतराळ स्थानक गाठतात. हबल तेव्हा फिरत होती साधारण 550 किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताशी 28.5 अंशांचा कोन करून. स्थानक आहे 400 किलोमीटरच्या आसपास, 51.6 अंशांवर. उंचीचं एक वेळ राहू द्या, पण कक्षेचा कोन इतका बदलायचा तर जेटपॅकच काय, अख्ख्या स्पेस शटललाही ते झेपलं नसतं. म्हणजे तुमच्याच मापाने हा सिनेमा बाद.

आणि हे माप लावत मागे गेलात तर फार पंचाईत होईल. फ्रिट्झ लांगचा 1929चा ‘फ्राउ इम मोंड’ हा चंद्रप्रवासाचा जर्मन सिनेमा घ्या. रॉकेटतज्ज्ञ हर्मान ओबर्थ सल्लागार, टप्प्याटप्प्याने सुटणारं रॉकेट, उड्डाणाआधीची उलटी मोजणी, सगळं प्रत्यक्ष अंतराळयुगाच्या कितीतरी आधी. पण त्याच सिनेमातली माणसं चंद्रावर उतरतात आणि खुशाल श्वास घेत हिंडतात! आता हा सिनेमा अर्धा ठेवायचा की काय?

माझं म्हणणं वेगळं आहे. सिनेमात आज नसलेली एखादी गोष्ट हवी, ती काही नियमाने चालायला हवी, पात्रांनी ते नियम चाचपून बघायला हवेत आणि कथानक तिच्या परिणामांतून पुढे सरकायला हवं. ती काढून घेतली तर सिनेमा उभाच राहता कामा नये. ‘ग्रॅव्हिटी’त काय नवं आहे? शटल होतं, रशियाचं सोयूझ यान आहे, अवकाशातल्या कचऱ्याच्या साखळी-टकरींचा धोका शास्त्रज्ञ डोनाल्ड केसलरने 1978 मध्येच मांडला होता. (चीनचं स्थानक जरा ऐसपैस दाखवलंय, ते चालायचंच.) जहाज फुटल्यावर जीव वाचवण्याची ती गोष्ट आहे आणि झकास आहे. विज्ञानपट नाही म्हणजे कमअस्सल, असं मी कुठेच म्हटलेलं नाही. तो अर्थ तुम्ही काढलात.

आता ‘इटर्नल सनशाइन’ (2004). तुम्ही तिला प्रेमकथा म्हणून निकालात काढता, पण ते आठवणी पुसण्याचं काम किती कारकुनी आहे ते बघा. नायक जोएलने आपल्या प्रेयसीची आठवण करून देणारी प्रत्येक वस्तू पिशव्यांत भरून दवाखान्यात आणायची, त्यावरून मेंदूचा नकाशा काढायचा, मग रात्री तो घरी झोपला असताना एकेक आठवण खोडायची. खोडणारे तंत्रज्ञ त्याच्याच घरात दारू पीत नाचतात. मधेच जोएलचं मन बदलतं, तेव्हा तो काय करतो? नकाशात प्रेयसी जिथे असणारच नाही अशा लहानपणच्या आठवणीत तिला नेऊन लपवतो. यंत्राचा नियम ओळखून त्याच्यावर मात करायची ही धडपड आहे. पुढे दवाखान्यात काम करणाऱ्या मेरीला कळतं की तिचीही एक आठवण पुसलेली आहे आणि ती सगळ्या रुग्णांना त्यांच्याच आवाजात नोंदवलेल्या टेपा पाठवून देते. ही सोय खरंच निघाली तर डॉक्टर तिचा गैरवापर करतील का, आणि पुसलेलं पुन्हा कळलं तर माणूस काय करेल, हे प्रश्न त्या यंत्राशिवाय पडलेच नसते.

राहिला ‘काहीही बसतं’ हा टोमणा. नाही बसत. ‘ग्राउंडहॉग डे’त (1993) एकच दिवस पुन्हापुन्हा उगवतो, का ते कोणी सांगत नाही आणि सांगायची गरजही पडत नाही. मी त्याला परीकथाच म्हणेन. ‘सोर्स कोड’मध्ये (2011) तीच आठ मिनिटं पुन्हापुन्हा येतात, पण ती लष्कराच्या एका प्रयोगामुळे, आणि त्या प्रयोगाच्या मर्यादा काय हेच नायक खणून काढत असतो. तो आत. नुसतं शास्त्रीय स्पष्टीकरण चिकटवूनही भागत नाही. ‘स्टार वॉर्स’मधल्या ‘फोर्स’ या गूढ शक्तीला 1999च्या भागात मिडीक्लोरियन नावाचे सूक्ष्मजीव जोडले, रक्त तपासून आकडाही सांगितला. त्याने कथेत तसूभर फरक पडला नाही, जादूची पूर्वीसारखीच जादू राहिली.

खऱ्या चांद्रमोहिमेवरच्या ‘अपोलो 13’ला ह्यूगो या विज्ञानकथा-चाहत्यांच्या मतांनी ठरणाऱ्या पुरस्काराचं नामांकन होतं, हा तुमचा दाखला खरा आहे. पण 1970 साली याच पुरस्काराने अपोलो 11च्या बातम्यांच्या वार्तांकनाला गौरवलं होतं. ते तर कल्पितही नव्हतं. चाहत्यांना काय जिव्हाळ्याचं वाटतं ते ह्यूगोवरून कळतं. प्रकार ठरवायला तो साक्षीदार कच्चा आहे.

शेवटी तुम्ही खरा अडचणीचा प्रश्न विचारलात: मग रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीच्या ‘स्टॉकर’चं (1979) काय? तिथला ‘झोन’, म्हणजे आत इच्छा पुरवणारी एक खोली असलेला निषिद्ध प्रदेश, कुणालाच उलगडलेला नाही. पण वाटाड्या कापडाची पट्टी बांधलेला बोल्टचा धातूचा नट पुढे फेकतो, तो कुठे पडला ते बघतो आणि मगच पाऊल टाकतो. सोबतचा प्राध्यापक त्या खोलीसाठी बॉम्ब घेऊन आलाय, कारण ती भलत्या माणसाच्या हाती पडली तर काय होईल याचा त्याने विचार केलाय. एवढ्यावर मी त्याला आत घेतो. मात्र वाटाड्या सांगतो ते धोके खरे की त्याच्या मनाचे, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. तो श्रद्धेचा सिनेमा आहे असं म्हणायचं असेल तर जरूर लिहा, तिथे तुमची बाजू ‘ग्रॅव्हिटी’पेक्षा पुष्कळ भक्कम आहे.