डबल रिंग म्हणजे डबल सील नव्हे

परवा रात्री अकरा वाजता भाच्याचा फोन आला. "मामा, ट्रकचं ऑइल बदलतोय. फिल्टर काढला, पण त्याची रबर रिंग वर इंजिनलाच चिकटून राहिलीय. ती तशीच ठेवून नवीन फिल्टर चढवू ना?" मी म्हटलं, तशीच ठेवायला कोणी सांगितलं? तर म्हणे ग्रुपवर व्हिडिओ आलाय, तीस वर्षांचा अनुभव असलेल्या मिस्त्रीचा. भाच्याच्या ओळखीतले आठ-दहा ड्रायव्हर तसंच करतात.

भाच्याची गाडी कर्जावरची आहे. कराडच्या बाजूच्या कारखान्यांची साखर भरून न्हावा शेव्याला नेतो. अजून दोन वर्षांचे हप्ते बाकी आहेत. मी त्याला फोन चालू ठेवायला लावला, टॉर्च मारून रिंग काढायला लावली आणि मगच झोपलो. सकाळी तो चार मिनिटांचा व्हिडिओ मागवून दोनदा पाहिला. ट्रकचं ऑइल बदलताना फिल्टर कसा काढायचा आणि बसवायचा यावर सात गोष्टी त्यात ठासून सांगितल्यात आणि शेवटी 'प्रत्येक ड्रायव्हर भावापर्यंत पोहोचवा' असं म्हटलंय. तो पोहोचलाच आहे, म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट तीच, रिंगची. व्हिडिओतला माणूस म्हणतो, "जुनी रिंग वर राहिली तर काढू नका, दोन रिंगा म्हणजे डबल सील, थेंबभर ऑइल बाहेर येणार नाही."

इंजिनवर फिल्टर जिथे बसतो तो भाग सपाट असतो. त्याला खाच नसते. खाच असते फिल्टरच्या तोंडाशी, आणि रिंग त्या खाचेत बसलेली असते. म्हणून ऑइलचं प्रेशर आलं तरी ती जागची हलत नाही. आता जुनी रिंग वर तशीच राहिली तर नवीन रिंग टेकते रबरावर. रबरावर रबर, मध्ये ऑइलचा बुळबुळीत थर, आणि वरच्या रिंगला धरायला कुठेच काही नाही. गाडी सुरू केली, आयडलवर ठेवली, तर काहीही दिसत नाही. थेंबही पडत नाही. माणसाला वाटतं काम झालं. मग गाडी चढाला लागते, रेस वाढते, प्रेशर तीन-चार बारच्या पुढे जातं आणि वरची रिंग एका बाजूने सटकते. मग ऑइल ठिबकत नाही, पिचकारी उडते. पंप मिनिटाला डझनावारी लिटर ऑइल फिरवत असतो आणि इंजिनच्या तळच्या चेंबरमध्ये असतं पंधरा लिटरच्या आसपास. हिशेब तुम्हीच करा. ड्रायव्हरच्या लक्षात येईपर्यंत क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची, बेअरिंगं कोरडी पडलेली असतात.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या गॅरेजमध्ये काम करायचो, तिथल्या एका पोराकडून हेच झालं. त्यावेळी व्हिडिओ नव्हते, घाई होती. दहा चाकी गाडी, लोड भरून पुण्याकडे निघाली आणि खंबाटकी घाटात बसली. प्रेशरचा दिवा लागला होता. ड्रायव्हरला वाटलं वायर हलली असेल, म्हणून तो वळण संपेपर्यंत ओढत राहिला. आम्ही पोहोचलो तेव्हा डांबरावर दीडशे-दोनशे फूट काळा पट्टा होता आणि मागून येणारे दुचाकीवाले त्यावरून घसरत होते. इंजिन खोललं तर मेन बेअरिंगं क्रँकला चिकटून निळी पडलेली. फिल्टर काढला आणि त्यातून एकाऐवजी दोन रिंगा बाहेर आल्या. मालकाची गाडी दोन महिने उभी होती. त्याने नंतर ती विकली.

आणि जुनी रिंग वर राहिलीय हे दिसत का नाही, तेही सांगतो. ती काळी असते आणि त्या जागेवर काजळीचं ऑइल असतं, तेही काळं. उष्णतेने रिंग चपटी होऊन लोखंडाला अशी बसते, की टॉर्च मारला तरी तो लोखंडाचाच काठ वाटतो. डोळ्यांवर विसंबू नका. कापडाने जागा कोरडी पुसा आणि बोटाचं नख गोल फिरवा. नख रुतलं तर रबर आहे. त्याहून सोपं म्हणजे काढलेला फिल्टर उलटा करून त्याची रिंग त्याच्याच तोंडाशी आहे का ते बघा. नसेल तर ती वर आहे. 

भाच्याच्या गाडीला कमिन्सचं सहा सिलिंडरचं इंजिन आहे. या कंपनीचे कारखाने लांब कुठे नाहीत, पुण्यात आहेत, आमच्याच सातारा जिल्ह्यात फलटणला आहेत. इंजिनच्या पुस्तकात फिल्टर बदलायच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं, की रिंग वरच्या भागाला चिकटून राहू शकते, नवीन फिल्टर लावायच्या आधी ती काढल्याची खात्री करा. इंजिन बनवणाऱ्याला ही सूचना मुद्दाम छापावी लागते, कारण ही चूक जगभर होते. व्हिडिओत मात्र तीच चूक युक्ती म्हणून शिकवलीय.

दुसरी गोष्ट याच्या खालोखाल घातक आहे. "नवीन फिल्टर सगळे डुप्लिकेट येतात, त्यापेक्षा कंपनीचा जुना फिल्टर डिझेलने धुऊन तीनदा वापरा."

यातलं अर्धं मला मान्य करावं लागतंय. बाजारात डुप्लिकेट फिल्टर आहेत आणि डब्यावरून ते ओळखणं सोपं नाही. हेही खरं, की काही गाड्यांत धुवायचेच फिल्टर असतात. स्प्लेंडरला ऑइलचा कागदी फिल्टर नसतोच, जाळी असते, ती धुऊनच लावायची. जुन्या मिस्त्रींना ती सवय आहे, म्हणून त्यांना यात वावगं वाटत नाही. पण ट्रकच्या पत्र्याच्या डब्यात जाळी नसते, घड्या घातलेला कागद असतो. बाहेरच्या बारीक भोकांमधून ऑइल आत शिरतं, कागदातून गाळून मधे जातं आणि मधल्या आट्यांच्या भोकातून इंजिनकडे. म्हणजे घाण कागदाच्या बाहेरच्या अंगाला. आता तुम्ही डिझेल ओतून डबा हलवलात, तर ती घाण सुटून डब्यातच फिरते, आणि मधल्या भोकातून ओतलेल्या डिझेलबरोबर थोडी स्वच्छ बाजूलाही जाऊन बसते. सेल्फ मारल्यावर ती पहिली बेअरिंगवर जाते.

मी एक धुतलेला फिल्टर कापून ठेवलाय. कोणाला बघायचा असेल तर या. वरून एकदम चकचकीत आहे. आत कागदाच्या घड्या एकमेकींना चिकटून लगदा झालाय, खालच्या टोकाला जिथे कागद पत्र्याला डकवलेला असतो तिथे नखाएवढी फट पडलीय आणि घड्यांच्या मुळाशी चंदेरी चमक आहे. ती चमक म्हणजे कोणाच्यातरी बेअरिंगचा धातू. कागद लगदा झाला की ऑइल त्यातून जात नाही. मग बायपास, म्हणजे फिल्टर तुंबला तर ऑइलला वळशाने जाऊ देणारी झडप, उघडते आणि ऑइल न गाळताच इंजिनला मिळत राहतं. प्रेशर छान दाखवतं, दिवा लागत नाही. म्हणून धुणाऱ्याला वर्षभर वाटत राहतं की आपण पैसे वाचवले.

पैशांचंच बोलायचं तर तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर हे टोल धरून न्हावा शेव्यापर्यंतच्या एका फेरीचा जो टोल जातो, त्याहून फिल्टर स्वस्त येतो. डुप्लिकेटची भीती असेल तर अधिकृत दुकानातून पक्क्या बिलावर घ्या. काढलेल्या फिल्टरला तिथल्या तिथे खिळा ठोकून भोक पाडा, म्हणजे तो रंगवून कोणी परत विकणार नाही.

तिसरं, "चेन पाना लावून अंगातलं सगळं बळ घाला." अजिबात नको. रिंगला स्वच्छ ऑइलचं बोट फिरवा, फिल्टर हाताने फिरवत न्या, रिंग टेकली की तिथून पुढे साधारण पाऊण फेरा, हातानेच. नेमका किती तो तुमच्या फिल्टरच्या डब्यावर चित्रासकट छापलेला असतो. पाना काढायला आहे, लावायला नाही. पान्याने आवळलं की आटे वाकतात किंवा रिंग फाटते, कमिन्सच्या पुस्तकात हाही इशारा आहे. शिवाय पुढच्या वेळी तो निघत नाही, मग पोरं त्यात आरपार स्क्रू ड्रायव्हर ठोकतात, पत्रा फाटतो आणि आटे वरच राहतात.

चौथ्या मुद्द्यावर मला वाटलं होतं त्याहून जास्त वाद आहे. व्हिडिओ म्हणतो, "फिल्टर ऑइलने भरूनच लावा, कंपन्या हे लपवतात." लपवत कोणी नाही. कमिन्सच्या पुस्तकात स्वच्छ ऑइलने भरून लावा असंच लिहिलेलं आहे, कारण रिकामा फिल्टर भरेपर्यंतचे काही सेकंद इंजिन कोरडं फिरतं. पण कॅटरपिलर या दुसऱ्या इंजिन कंपनीचं पुस्तक नेमकं उलट सांगतं, भरू नका, कारण तुम्ही ओतलेलं ऑइल गाळलेलं नसतं. दोघांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे. म्हणून आपल्या इंजिनचं पुस्तक काय म्हणतं ते पाहायचं. व्हिडिओत मात्र थेट मधल्या भोकात ऑइल ओतलंय, तेही उघड्या डब्यातून, रस्त्याच्या कडेला, शेजारून गाड्या धूळ उडवत जात असताना. म्हणजे ती धूळ थेट स्वच्छ बाजूला. भरायचंच तर सीलबंद कॅनमधून, बाहेरच्या बारीक भोकांमधून, सावकाश.

बाकीचे तीन थोडक्यात. फिल्टरला बाहेरून लोहचुंबक लावला की फिल्टर दुप्पट चालतो, हे चूक. चुंबक लोखंड धरतो. बेअरिंगमधलं तांबं, शिसं, ॲल्युमिनियम आणि रस्त्यावरची धूळ यांना तो हातही लावत नाही. ऑइल रात्रभर थंड करून सोडा, हेही चूक. थंड ऑइल जाड होतं आणि गाळ चेंबरच्या तळाशी बसून राहतो. गाडी फिरवून आणा, ऑइल कोमट-गरम असताना ड्रेन नट खोला. मात्र घाट चढून आल्या आल्या उकळत्या ऑइलखाली हात घालू नका, भाजून सोलून निघतो. आणि जुनं ऑइल बैलाच्या जखमेला लावा, उरलेलं बांधावर ओता, हे ऐकून मला संताप आला. त्यात धातू असतात, जळकं इंधन असतं. मुक्या जनावराच्या उघड्या जखमेवर ते लावायला सांगताना या माणसाला काहीच कसं वाटलं नाही? २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. कॅनमध्ये भरून ठेवा आणि परवाना असलेल्या गोळा करणाऱ्यालाच द्या.

फिल्टर लावल्यावर रेस मारू नका. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि ऑइल त्याच्याकडे फिल्टरमधूनच जातं. आयडलवर ठेवा. पंधरा सेकंदांत प्रेशर आलं नाही तर इंजिन बंद. आलं तर खाली वाकून फिल्टरभोवती कोरडं कापड फिरवून बघा, मग बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि ऑइल मोजायची काडी बघा.

भाच्याच्या ग्रुपवर त्या आठ-दहा जणांची नावं आहेत, त्यांना मी एकेक करून फोन लावतोय. तिघांशी बोलणं झालं. एकाची गाडी लोड भरून उभी होती आणि रात्री सुटणार होती. त्याने फोनवरच फिल्टर खोलला. वर दुसरी रिंग होती. तुम्ही हा व्हिडिओ बघून फिल्टर लावला असेल, तर पुढची फेरी सुरू करायच्या आधी तो उतरवा आणि रिंगा मोजा.