गाजर गवताचा रस फवारायला सांगणाऱ्यांनो, आधी आमच्या आप्पांचे हात बघा

आमच्या भावकीच्या ग्रुपवर मागच्या महिन्यात एक मेसेज फिरला, "शेतकरी असाल तर पुढे पाठवा" छापाचा. त्यातला माल थोडक्यात असा: अमेरिकेने पीएल-४८० च्या, म्हणजे त्यांच्या अन्नधान्य मदत योजनेतल्या, गव्हात गाजर गवताचं बी मुद्दाम मिसळून पाठवलं. त्याच्या मुळांतून असं विष सुटतं की आजूबाजूला दहा वर्षं काही उगवत नाही. मग तेच विष आपण का वापरू नये, तर पाच किलो पाला हाताने चुरगाळून रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजत घाला, गाळा, फवारा, फुकटचं तणनाशक आणि "शंभर टक्के नैसर्गिक म्हणून निर्धोक". शिवाय या गवताचं खत करू नका, आणि त्यावर दिसणारे ठिपक्यांचे भुंगे म्हणजे विदेशी कंपन्यांचा डाव.

आमच्या आप्पांनी पाच किलो पाला चुरगाळला. उघड्या हातांनी, भर उन्हात, कारण मेसेजमध्ये तसंच लिहिलेलं. तिसऱ्या दिवशी आईचा फोन, "डोळे उघडत नाहीयेत त्यांचे." गेलो तर पापण्या सुजलेल्या, मान लाल, कोपराच्या आतल्या बाजूला पाणी भरलेले फोड आणि खाजवून खाजवून रक्त. आणि म्हणतात काय, "चाळीस वर्षं हेच गवत उपटतोय, कधी काही झालं नाही."

अहो तेच तर! ही ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नाही. पार्थेनिन नावाचं रसायन असतं या झाडात, पानावरच्या बारीक लवेत तर भरपूर, ते वर्षानुवर्षं कातडीला लागत राहतं आणि एक दिवस शरीर बिथरतं, मग त्यानंतर नुसता वाळलेल्या गवताचा धुरळा उडाला तरी पुरतो, वर ऊन लागलं की आणखी वाढतं. हे काही नवीन नाही, यावरचा वैद्यकीय पेपर १९७४ चा आहे. डॉक्टरांनी आता शेवंतीलाही जपून हात लावा म्हणून सांगितलंय, एकाच कुळातली झाडं. "नैसर्गिक म्हणून निर्धोक" लिहिणाऱ्याला माझी विनंती आहे की खाजकुयली पण नैसर्गिकच आहे, चोळून बघा.

बरं एवढं करून तण तरी मेलं का? आप्पांनी तो रस सोयाबीनच्या कडेच्या लव्हाळ्यावर मारला. दोन-चार पानं पिवळी पडली, आठवड्याने लव्हाळा पुन्हा ताठ. त्याच्या गाठी जमिनीत, तुम्ही वरून कसलंही पाणी शिंपडा, त्याला काय फरक पडतो.

आता त्या विषाचं. अर्धं खरं आहे, मान्य करतो. पाल्याचा अर्क बशीत ठेवलेल्या बियांवर घातला तर उगवण कमी होते, मुळं खुरटतात, असे प्रयोग कितीतरी झालेत. पण बशी म्हणजे शेत नव्हे ना राव. जर्मनी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी नेमकं हेच मातीत घालून तपासलं, जर्नल ऑफ केमिकल इकॉलॉजीमध्ये २००९ ला आलंय. निघालं काय, तर मातीत पडलेलं पार्थेनिन टिकतच नाही, अर्धं तर साधारण दोन-तीन दिवसांतच संपतं, कारण मातीतले जिवाणू ते खाऊन टाकतात. दोन-तीन दिवस कुठे आणि दहा वर्षं कुठे! पाला सतत गळत राहिला, पावसाने धुऊन खाली येत राहिला तर शेजारच्या कोवळ्या रोपांना त्रास होऊ शकतो, तेवढं धरा. पण जमीन नापीक वगैरे काही नाही. आमच्याच बांधाजवळचा तुकडा दोन वर्षं या गवताने पांढरा होता, नांगरला, तूर घातली, आली की.

मग हे गवत एवढं माजतं कसं? एका झाडाला पंचवीस हजारांपर्यंत बी धरतं, उगवल्यावर महिना-दीड महिन्यात फुलावर येतं, वर्षातून अनेक पिढ्या. गुरं तोंड लावत नाहीत, आणि नाइलाजाने खाल्लंच तर दूध कडू लागतं. त्यात आपण रस्ता खोदून ठेवणार, प्लॉटिंग करून जमीन उघडी टाकणार, मुरमाच्या ट्रकमधून बी गावोगाव पोचवणार. रसायनाचा हातभार असेल थोडा, पण मोकळं रान त्याला आपणच दिलंय.

अमेरिकेचं कारस्थान? पुण्यात हे गवत दिसल्याची नोंद १९५५ ची, आणि भारताचा पीएल-४८० चा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. हां, अमेरिकेचा गहू १९५१ मध्येही कर्जाऊ आला होता, त्यामुळे बी कुठल्यातरी धान्यातून आलं असेल हे शक्य आहे. पण "मुद्दाम" कशावरून?

खताचं तर उलटंच सांगितलंय. फुलं यायच्या आत उपटा, हातमोजे घालून, आणि खड्ड्यात कुजवा, चांगलं खत होतं. जबलपूरची केंद्राची तण संशोधन संस्थाच तसं सांगते. फुलावर आलेलं मात्र नको, नाहीतर बी स्वतःच शेतात पसराल.

आणि ते भुंगे मेक्सिकोतले आहेत, खरंय, कारण हे गवतही त्याच भागातलं. आपल्याच सरकारी शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये बंगळुरात सोडले, पावसाळ्यात पानं फस्त करतात, बिचाऱ्यांना राहू द्या.

आप्पांनी तो मेसेज अकरा जणांना पुढे पाठवला होता. आता मलम लावत लावत एकेकाला फोन करायला लावलंय मी. सात झालेत. त्यातल्या दोघांनी पाला भिजत घातलेला होता.