पिशवी हातात असताना आणखी पिशवी कशाला?

कापडी पिशवी घेऊन मंडईत गेले तरी कोथिंबिरीची जुडी एका पातळ पिशवीत, मिरच्या दुसरीत आणि छटाकभर आले तिसरीत, असेच सगळे हातात पडते आणि ‘नको’ म्हणेपर्यंत गाठही मारून झालेली असते, याचा मला मनस्वी संताप येतो. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, मग या येतात कुठून? अर्थात सारा दोष भाजीवाल्यांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे, कारण पिशवी मिळाली नाही की पुढच्या गाळ्याकडे वळणारी गिऱ्हाइके आपणच आहोत.

घरपोच जेवणाची तऱ्हा याहून वाईट. ‘चमचे नकोत’ असे स्पष्ट कळवूनही चमचे येतात, वर कोणी न मागितलेल्या सॉसच्या चार पुड्या. अशा पुड्यांमध्ये प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना इतके घट्ट चिकटवलेले असतात, की ते वेगळे करणे परवडत नाही आणि भंगारात त्यांना कोणी विचारत नाही. पुण्यात दारोदार कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचकांना सुका माल विकूनच चार पैसे जास्त मिळतात. त्यांच्या हाती आपण वरणाने बरबटलेले डबे आणि या निरुपयोगी पुड्या देतो. शिवाय शहराचा कचरा वर्षानुवर्षे कचरा डेपोजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या लोकांनी सोसला, तो आपल्याच घरांतून गेला होता. एवढे ठाऊक असूनही घरचा डबा पुढे केला की मिठाईचा दुकानदार कपाळाला आठ्या घालतो आणि मागे रांगेत उभे असलेले लोक ‘घ्या ना खोका, उशीर होतोय’ म्हणून मलाच सुनावतात.