‘गावाला कशाला हवीत मानसिक आरोग्याची शिबिरं?’ या मेसेजला उत्तर

पलूस-तासगावकडच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. आजोबांच्या वेळी डिप्रेशन नव्हतं, हे शहरातलं खूळ. आत्महत्येवर बोललं की पोरांच्या डोक्यात नको ते भरतं. गोळ्या सुरू झाल्या की सुटत नाहीत. आणि गावात पार असताना शिबिरं कशाला? पाठवणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत, त्यांच्या मनात वाईट नाही. तरी उत्तर द्यायलाच हवं.

आजोबांच्या वेळी नव्हतं, तर नागपूरला 1864 मध्ये आणि ठाण्याला 1901 मध्ये मनोरुग्णालयं कुणासाठी उघडली? आजार होताच, आपण त्याला बाहेरची बाधा म्हणत होतो. महानगरांत प्रमाण जास्त आढळलं, हे खरं. पण खेडी त्यातून सुटलेली नाहीत.

पाराचं म्हणाल तर माझ्या काकींचं सांगते. 2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, आमचं घर बुडालं. पुढच्या पावसाळ्यात पत्र्यावर सर वाजली की काकी उठायच्या आणि बॅटरी मारून दारातल्या पायऱ्या मोजायच्या, किती उघड्या आहेत ते बघायला. छातीत धडधड, हातापायाला मुंग्या. तीनदा ईसीजी काढला, तिन्ही नॉर्मल. सलाईन झालं, अंगारा झाला. दीड वर्ष गेलं. पार होता, भावकी होती, रोज कुणी ना कुणी येऊन बसायचं आणि “मन घट्ट कर” सांगून जायचं. हा भीतीचा आजार आहे, उपचारानं बरा होतो, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. शिबिरात हेच तर शिकवतात.

अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात गावातल्याच कार्यकर्त्यांनी हे काम केलं. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. पार मोडायचा नाहीये, पारावरच्या चार माणसांना नीट विचारायला शिकवायचंय.

आत्महत्येबद्दल विचारल्यानं कुणी त्या वाटेला लागत नाही, जागतिक आरोग्य संघटना हे स्पष्ट सांगते. उलट विचारलं की माणूस मोकळा होतो. आपल्याकडे “औषध प्यायला” म्हणतात, कारण बागेवर फवारायचं औषध घरातच, हाताशी असतं. तो विचार पुष्कळदा काही वेळाचा असतो. म्हणून बाटल्या कुलपात ठेवणं आणि त्या माणसाला एकटं न सोडणं, एवढ्यानंही जीव वाचतो. हे कुणीतरी सांगितल्याशिवाय कसं कळणार?

गोळ्यांबद्दल अर्धं खरं आहे. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते. नैराश्याच्या औषधाची तशी लत लागत नाही, फक्त ते एकदम बंद करायचं नसतं, डॉक्टर हळूहळू कमी करतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी “काही फरक नाही” म्हणून पाकीट ठेवून देणारे मी घरात पाहिलेत.

‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं. ज्या ग्रुपवर तो मेसेज आला, तिथेच हा नंबर टाका.