हरणाचं मांस म्हणे ‘निसर्गाचं टॉनिक’! त्या आठ कलमी फॉरवर्डचा समाचार

‘हरणाचं मांस : अमेरिकेतल्या मराठी माणसाला निसर्गाने दिलेलं टॉनिक’ अशा मथळ्याचा आठ कलमी फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय. नोव्हेंबरात तिकडे शिकारीचा हंगाम भरात असतो आणि ऑफिसातला एखादा सहकारी गोठवलेलं पाकीट हातावर ठेवतो. आता याचं करायचं काय, असा प्रश्न पडला की उत्तर म्हणून कुणीतरी हाच फॉरवर्ड पाठवतं. माझ्या विस्कॉन्सिनमधल्या भाचीला तो तिच्या सासूबाईंनी पुण्याहून धाडला. भाचीला सहावा महिना आहे आणि फॉरवर्डचं तिसरं कलम असं : ‘गरोदर स्त्रीला हरणाचा भेजा आणि पायाचं सूप आवर्जून द्यावं, बाळाची बुद्धी तल्लख होते.’

म्हणून आधी तिसरं कलम. बाकीची रांगेत उभी राहतील.

अमेरिकेतल्या हरणांना क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा रोग होतो, शिकाऱ्यांच्या बोलण्यात सीडब्ल्यूडी. तो विषाणूमुळे होत नाही, जीवाणूमुळेही नाही, तर प्रायॉनमुळे होतो. प्रायॉन म्हणजे चुकीची घडी पडलेलं प्रथिन, ते शेजारच्या धडधाकट प्रथिनालाही तशीच घडी पाडत जातं आणि मेंदूला बारीक भोकं पडतात. ब्रिटनमध्ये गाजलेला गाईंचा ‘मॅड काऊ’ रोग याच जातकुळीतला. सीडब्ल्यूडी पहिल्यांदा दिसला तो 1967 साली, कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या बंदिस्त हरणांत. विस्कॉन्सिनच्या रानात तो 2002 मध्ये सापडला, मिशिगनच्या रानात 2015 मध्ये. लागण झालेलं हरीण वर्ष-दीड वर्ष तरी अगदी टुणटुणीत दिसतं. त्यामुळे ‘चांगलं तगडं जनावर होतं’ या सहकाऱ्याच्या शब्दाला इथे काही किंमत नाही.

हे प्रायॉन साठतात कुठे? मेंदू, कण्यातला मज्जारज्जू, डोळे, प्लीहा, टॉन्सिल, लसिकाग्रंथी. जो अवयव पहिल्यांदा फेकायचा, नेमका तोच फॉरवर्डकर्ता गरोदर बाईच्या ताटात वाढायला सांगतोय!

आता एक गोष्ट मान्य करायला हवी, नाहीतर कुणीतरी तेवढंच धरून बसेल. सीडब्ल्यूडी हरणातून माणसाला झाल्याचं एकही सिद्ध उदाहरण आजवर नाही. पण मॅड काऊबद्दलही ब्रिटिश सरकार वर्षानुवर्षं हेच सांगत होतं आणि मार्च 1996 मध्ये त्याला शब्द फिरवावे लागले. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी म्हणूनच सरळ सांगते : रोग असलेल्या भागातलं हरीण तपासून घ्या, लागण निघाली तर खाऊ नका. मेंदू, मज्जारज्जू आणि वर सांगितलेले बाकीचे अवयव तर शक्यतो हाताळूही नका. सरकारी यंत्रणेने इतकं स्पष्ट लिहून ठेवलेलं असताना व्हॉट्सॲपवर भेज्याची शिफारस करायला वेगळंच धाडस लागतं.

‘कुकरमध्ये सगळं मरतं’ असं एक उपकलमही आहे. कुकरची वाफ फार तर 121 अंशांपर्यंत जाते. रुग्णालयात शस्त्रक्रियेची हत्यारं त्याच तापमानाला पाव तास निर्जंतुक करतात आणि प्रायॉन त्यातूनही वाचतात, तिथे सहा शिट्यांचा काय पाड? गोठवूनही त्यांना काही होत नाही. 2019 मध्ये मोंटानातल्या सरकारी प्रयोगशाळेने दाखवलं, की घरगुती ब्लीचच्या 40 टक्के द्रावणात, म्हणजे दोन भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी, पाच मिनिटं बुडवलेल्या स्टीलवरचे प्रायॉन निकामी होतात. सुरी आणि पातेल्यासाठी हा उपाय चांगला. पण आधी चिकटलेलं मांस घासून काढायचं, कारण ब्लीच मांसाच्या कणात आतवर शिरत नाही.

पाकीट देणाऱ्याला विचारायचं ते एवढंच : हरीण कुठल्या काउंटीत (म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात) मारलं, आणि तपासलं का? विस्कॉन्सिनमध्ये ही तपासणी फुकट होते. मुंडकं मानेच्या पाचेक इंचांसकट तपासणीसाठी ठेवलेल्या पेटीत ठेवून यायचं, घशामागच्या लसिकाग्रंथींचा नमुना घेतात, दोनेक आठवड्यांत निकाल येतो. तोवर पाकिटावर तारीख घालून ते फ्रीझरमध्ये पडू द्यावं. नकारात्मक निकालाचा अर्थ ‘रोग सापडला नाही’ इतकाच असतो, ‘हमखास सुरक्षित’ असा नाही, हेही ध्यानात असू द्या. आणखी एक. कापून देणाऱ्या दुकानात चार शिकाऱ्यांची हरणं एकत्र खिम्याला लावतात. तिथे ‘आमचं वेगळं कापा, हाडं सोडवून द्या, कण्यावर करवत चालवू नका’ हे आधीच सांगून ठेवावं लागतं. शिकारी जाणता असेल तर त्याने ते सांगितलेलं असतंच.

पायाच्या सुपाबद्दल थोडक्यात. बकऱ्याचा पाया भाजून, खरवडून साफ होतो म्हणून हरणाचाही होईल, हा समज चुकीचा. हरणाचे केस पोकळ असतात आणि भाजताना त्यांची घाण सुटते. मागच्या पायाच्या घोट्याला आतल्या बाजूने एक केसाळ गंधग्रंथी असते. माजावर आलेला नर तिच्यावर मुतत असतो. शिकारी त्या ग्रंथीला लागलेली सुरीसुद्धा धुतल्याशिवाय मांसाला लावत नाहीत. करा सूप!

गरोदरपणाचा मुद्दा एवढ्यावर संपत नाही. पाचवं कलम सांगतं, की हरणाचं मांस ‘गोऱ्या लोकांसारखं आतून लाल ठेवून’ खावं, जीवनसत्त्वं टिकतात. हरणात टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी असतो. 2017 साली विस्कॉन्सिनमध्ये एका निवासी शिबिरात कधीही न गोठवलेलं आणि मुद्दाम कच्चट ठेवलेलं हरणाचं मांस वाढलं गेलं. बारा जणांपैकी नऊ जण तापाने आजारी पडले. ते पुरुष होते, निरोगी होते. गरोदर बाईला हाच परजीवी लागला तर तो वारेतून गर्भाच्या डोळ्यांपर्यंत आणि मेंदूपर्यंत पोचू शकतो. ज्या बुद्धीसाठी भेज्याचा आग्रह, तीच पणाला लागते. खिमा असेल तर मधोमध 71 अंश सेल्सिअस झालंच पाहिजे. सलग तुकड्याला 63 अंश आणि वर तीन मिनिटं झाकून ठेवणं पुरतं. पोटात बाळ असताना मात्र तुकड्यालाही 71 च धरावं. थर्मामीटर पंधरा-वीस डॉलरला मिळतो. रंगावरून अंदाज बांधू नये, कारण हरणाचं मांस मुळातच इतकं गडद असतं, की शिजलेलं आणि न शिजलेलं यातला फरक डोळ्याला फसवतो.

‘तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवलं की सगळे रोग मरतात’ यात अर्धं सत्य आहे. उणे 18 अंशांना काही दिवस राहिलं तर टॉक्सोप्लाझ्माचा धोका बराच कमी होतो. जीवाणू मात्र नुसते झोपतात, बाहेर आले की जागे. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर बुडवल्याने रक्त निघतं, वास थोडा उतरतो. रोगाशी त्याचा संबंध नाही.

सहावं कलम : ‘गोळी काढून मांस वाहत्या पाण्याखाली धुवावं, मग शिशाची भीती नाही.’ हे लिहिणाऱ्याने रायफलची गोळी लागलेलं जनावर उघडलेलं पाहिलेलं नाही. शिशाची गोळी हाडावर आदळली की मशरूमसारखी फुलते आणि तिचे दाताखाली न जाणवणारे कण सभोवार उडतात, जखमेपासून फूटभर लांबही सापडतात. 2008 साली नॉर्थ डकोटाच्या आरोग्य खात्याने गरिबांच्या अन्नकेंद्रांना दान आलेला हरणाचा खिमा वाटू नका असं सांगितलं, ते क्ष-किरणात शिशाचे कण दिसले म्हणून. मिनेसोटाच्या वन्यजीव खात्याने त्याच सुमारास चाचण्या घेतल्या, तर धुतल्याने कण जात नाहीत, उलट पाण्याबरोबर पसरतात असं दिसलं. म्हणजे हा सल्ला निरुपयोगी तर आहेच, वर शिसं पसरवणारा आहे. जखमेभोवतीचं रक्ताळलेलं मांस सढळ हाताने कापून फेकणं हाच खरा उपाय. सहा वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका यांनी शिशाच्या गोळीने मारलेल्या हरणाचा खिमा टाळावा. तांब्याची गोळी किंवा बाण असेल तर प्रश्नच मिटला. नाहीतर मागच्या मांडीचा सलग तुकडा मागून घ्यावा, कारण गोळी सहसा छातीत लागते.

‘शंभर टक्के सेंद्रिय’ हे दुसरं कलम. मिडवेस्टमधलं, म्हणजे विस्कॉन्सिन-मिशिगनच्या पट्ट्यातलं, हरीण रात्री मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतात चरतं, त्या शेतकऱ्याने काय फवारलंय हे कुणी विचारायला जात नाही. मिशिगनमध्ये ऑस्कोडाजवळच्या क्लार्क्स मार्श परिसरातली हरणं पीएफएएस या निसर्गात सहसा न विघटणाऱ्या रसायनांमुळे खाऊ नका, असा इशारा 2018 मध्ये निघाला. मेन राज्यात फेअरफिल्डच्या भागात 2021 मध्ये तसाच निघाला. ही रसायनं कलेजीत जास्त साठतात आणि कलेजी या फॉरवर्डची लाडकी.

‘झिरो कोलेस्टेरॉल’ हे पहिलं कलम. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात हरणाच्या 100 ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे 120 कॅलरी, 23 ग्रॅम प्रथिनं, जेमतेम अडीच ग्रॅम चरबी आणि 85 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल आहे. चरबी कमी, लोह भरपूर, हे खरं. मांस म्हणून ते उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण शून्य कोलेस्टेरॉल हवं असेल तर वरण-भात खावा.

आता चौथं आणि सातवं, म्हणजे ‘ताजं ताजं लगेच शिजवा’ आणि ‘मटणासारख्याच सहा शिट्या काढा’. यांनी रोग होणार नाही, फक्त चांगलं मांस वाया जाईल. मारल्यावर काही तासांत स्नायू आखडतात, तो ताठरपणा उतरायला दिवसभर लागतो. त्याआधी चुलीवर चढवलं तर चामडं. हरीण पडल्यावर पोट लगेच उघडून, मूत्राशय आणि आतडी न फोडता, आतलं सगळं काढायचं आणि पोकळीत हवा किंवा बर्फ जाऊ द्यायचा. मांस लवकरात लवकर चार अंशांखाली यायला हवं. कातडी रजईसारखी उब धरून ठेवते, म्हणून ‘बाहेर थंडी आहे’ या भरवशावर राहिलं तर मांडीच्या हाडाजवळ मांस आंबतं. नंतर एक ते तीन अंशांना पाच-सात दिवस टांगलं की ते मऊ होतं. लोक ज्याला ‘रानटी वास’ म्हणतात, तो बहुतेक वेळा गार करण्यातल्या उशिराचा, फुटलेल्या आतड्याचा आणि न काढलेल्या चरबीचा असतो. हरणाची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते. ती सगळी काढायची. स्नायूवरचा चंदेरी पडदाही पातळ सुरी सरकवत सोलायचा, तो कितीही शिजवला तरी विरघळत नाही.

मग भाग बघून शिजवायचं. कण्याच्या दोन्ही बाजूंनी जाणारा लांब स्नायू, बॅकस्ट्रॅप, कुकरला लावला तर लाकडाचा भुसा होतो, कारण त्यात विरघळायला काही नाहीच. त्याचे बोटभर जाड काप कोरडे पुसून, मीठ-मिरी-हळद लावून, कडक तापलेल्या बिडाच्या तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं परतायचे आणि थर्मामीटर लावायचा. खांदा आणि नळीचं मांस मात्र आपल्या रश्श्यासाठीच जन्माला आलंय. किलोभर हाड सोडवलेल्या मांसाला आलं-लसूण, हळद, मीठ आणि अर्धी वाटी दही लावून चार-पाच तास ठेवा. पपई घालायचीच तर चमचाभर आणि फक्त तासभर, नाहीतर बाहेरून लगदा आणि आतून दोरखंड. मटणाला स्वतःचं तेल सुटतं, याला सुटत नाही. म्हणून फोडणीला नेहमीपेक्षा दोन-तीन चमचे तेल जास्त, आणि वाटणात भाजलेलं सुकं खोबरं सढळ. पहिली शिटी झाली की आच बारीक करून पंचवीस मिनिटं, शिट्या मोजायच्या नाहीत. वाफ आपोआप उतरू द्यायची, झाकणावर पाणी ओतून जिरवली तर तुकडे आखडतात. खिम्यात पाव किलोला चमचाभर तूप आणि एक किसलेला कांदा घातला नाही, तर तो रवाळ कोरडा होतो.

राहिलं आठवं : ‘अमेरिकेत कुणीही मारू शकतो, विकत घेऊ शकतो, आणि गावाकडेही पूर्वापार खातातच.’ परवाना आणि टॅग, म्हणजे ठरावीक हरीण मारायची परवानगी-चिठ्ठी, लागते. विस्कॉन्सिनमध्ये 1 जानेवारी 1973 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आधी शिकारीचं शिक्षण पुरं करावं लागतं. एच-1बी व्हिसावर असलेल्याला संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायचीच मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. मित्राच्या गाडीतली रायफल ‘जरा धरून बघतो’ म्हणणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. रानातल्या हरणाचं मांस विकणं बेकायदा आहे, दुकानात मिळतं ते पाळीव हरणाचं, बरंचसं न्यूझीलंडहून आलेलं. आणि गावाकडचं म्हणाल, तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, भेकर यांची शिकार बंद आहे आणि त्यांचं मांस घरात सापडणं हाही गुन्हा. रानडुकराने पीक नासवलं म्हणून वनखात्याने मारायची परवानगी दिली, तरी मेलेलं जनावर सरकारच्या मालकीचं ठरतं, पातेल्यात जात नाही.