'मॅश'मध्ये जवान मरतो तेव्हा हशा पिकतो म्हणे!

माझी धाकटी बहीण सर्जरीची रेसिडेंट आहे. नाइट ड्यूटी संपली की 'मॅश'चा, म्हणजे कोरियन युद्धातल्या लष्करी रुग्णालयावरच्या जुन्या विनोदी मालिकेचा, एखादा भाग बघून झोपते. तिच्या बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी फॉरवर्ड टाकला आणि तिचा मला प्रश्न, "दादा, हे खरं आहे का रे?" फॉरवर्डचं म्हणणं असं: ही अमेरिकी मालिका म्हणजे कोरियन युद्धाची टिंगल आहे, ऑपरेशन टेबलावर जवान मरतो आणि मागे हशा वाजतो, ऑपरेशन थिएटरातले विनोद म्हणजे जखमींचा अपमान, युद्धाचं तोंडही न पाहिलेल्यांनी ती रचली, मूळ लेखकानेच तिला झिडकारलं आणि तीन वर्षांचं युद्ध अकरा वर्षं ताणलं. खाली 'प्रत्येक डॉक्टरने वाचावे' आणि जोडलेले हात.

आधी तो हशा. मालिकेत रेकॉर्ड केलेला हशा आहे, मान्य. 1972 साली विनोदी मालिका त्याशिवाय चालेल असं सीबीएस वाहिनीला वाटतच नव्हतं. लेखक लॅरी गेलबार्ट आणि निर्माते जीन रेनल्ड्स यांना तो नको होता. भांडून त्यांनी एक गोष्ट पदरात पाडून घेतली: ऑपरेशन चालू असताना हशा वाजवायचा नाही. म्हणजे या महाशयांनी बोट ठेवलं ते नेमकं तिथेच! बीबीसीने तर ब्रिटनमध्ये मालिका हशा काढूनच दाखवली.

मार्च 1975 मधला, रुग्णालयाचा प्रमुख कर्नल हेन्री ब्लेकच्या निरोपाचा भाग काढा. दिवसभर थट्टामस्करी करून कर्नल घरी निघतो. शेवटी त्याचा कारकून रडार ऑपरेशन थिएटरमध्ये येतो, तोंडाला मास्क नाही. मास्क लाव, असं कुणीतरी त्याला खेकसतं. तो हातातला कागद वाचतो: हेन्रीचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं, कुणीही वाचलं नाही. एक अवजार खणकन खाली पडतं. ते चित्रीकरणात चुकून पडलं होतं, तसंच ठेवलं. टेबल सोडून कुणीही हलत नाही, मास्कच्या वरचे डोळे भरलेले आणि हात चालूच. इथे कुठे हशा ऐकू आला ते कळवा. उलट लाडका माणूस मारला म्हणून प्रेक्षकांनी संतापून पत्रं लिहिली होती.

आणि थिएटरात विनोद म्हणजे जखमींचा अपमान? हे लिहिणाऱ्याने थिएटरचं दार बाहेरूनच पाहिलेलं दिसतं. मालिकेचा नायक, सर्जन हॉकआयची टकळी चालू असते तेव्हा त्याचे हात थांबलेले नसतात.

'युद्ध न पाहिलेल्यांनी रचली'. मालिकेचं मूळ 1968 च्या कादंबरीत, आणि ती लिहिणारा रिचर्ड हूकर म्हणजे खरा सर्जन हॉर्नबर्गर, कोरियात 8055 व्या फिरत्या लष्करी रुग्णालयात काम केलेला. गेलबार्ट स्वतः युद्ध चालू असताना सैनिकांसाठी कार्यक्रम करणाऱ्या विनोदवीर बॉब होपच्या ताफ्याबरोबर तिथे जाऊन आले होते. पुढे त्यांनी आणि रेनल्ड्स यांनी तिथल्या डॉक्टर-नर्सेसशी बोलून प्रसंग गोळा केले. मालिकेत बायकांचे झगे घालून फिरणारा जवान क्लिंगर आठवतो? ते काम करणारा नट जेमी फार हा युद्धानंतर सैनिक म्हणून कोरियात होता, गळ्यातले सैनिकी ओळखीचे बिल्ले त्याचे स्वतःचे.

मूळ लेखकाला मालिका आवडली नाही, हे मात्र खरं. पण त्याची तक्रार काय होती? मालिका फार युद्धविरोधी झाली ही. टिंगलीच्या आरोपाला त्याची साक्ष काढणं म्हणजे कमाल आहे. शिवाय एका ओळीत 'युद्ध न पाहिलेल्यांनी रचली' आणि पुढच्याच ओळीत हा युद्धावरचा सर्जन साक्षीला!

अकरा वर्षांचं बरोबर आहे. युद्ध जून 1950 ते जुलै 1953, मालिका सप्टेंबर 1972 ते फेब्रुवारी 1983. आपल्याकडे मालिकेत एक लग्न दोन महिने लागत राहतं, तेव्हा कुणी कॅलेंडर काढत नाही.

खरंच झोडपायचं होतं तर सुरुवातीचे भाग घ्यायचे. नर्सेसच्या मागे लागणं हाच तिथे विनोद. मुख्य नर्स मार्गारेटला धड माणूस म्हणून उभं करायला कित्येक सीझन गेले, आणि ज्यांच्या देशात हे सगळं घडतं ते कोरियन लोक बहुतेक वेळा कडेला उभे. याबद्दल त्या लांबलचक फॉरवर्डमध्ये एक ओळ नाही.